तलवारीचं पाणी

कापडाच्या लूमवरची नोकरी सुटल्यावर मी लिंबायतला मामांच्या हाताखाली घण मारायला लागलो. जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे तापवून, वाकवून आम्ही गाड्यांचे हूक आणि गार्ड बनवायचो. पोलाद विनंती केल्यानं वाकत नाही. लाल होईस्तोवर भाजायचं, सांडशीत आवळायचं आणि निवायच्या आत मारत सुटायचं.

विसर्जनाच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष चौघांना घेऊन आले. आधी ते आत आले; दारात अडकलेला फेट्याचा तुरा मागाहून आला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचा हूक त्यांना तासाभरात हवा होता. ट्रॉलीवर गणपती, अध्यक्षांची खुर्ची आणि लेझीमच्या वीस मुली. त्यांत मामांचीही मुलगी. वाटेत पुलाचा उभा चढ.

वाकवलेला हूक मामांनी राखेत पुरला. "दोन घंटे हात लावू नका. आपोआप निवू द्या."

"मिस्त्री, पोलादाला पाणी द्यावं लागतं," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या घराण्यात तलवारींना द्यायचे." आणि सांडशीनं लालभडक हूक उपसून त्यांनी बादलीत बुडवला.

"आरे, काय करी ऱ्हायना!" मामा ओरडले. "तलवार नई शे ती! काच व्हई जाई त्यानी, फुटी जाई!"

"कडक झाला की," अध्यक्ष म्हणाले. "उचला रे."

मामा दारात आडवे झाले. "माझी पोर बसणार आहे त्या ट्रॉलीवर. नेऊ देणार नाही."

पहिला ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. मी एकाच्या पाठीत सांडशी घातली. दुसऱ्यानं माझं डोकं ऐरणीवर आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं. दिसलं एवढंच, की मामा घण घेऊन उठले आहेत आणि अध्यक्ष भिंतीला चिकटले आहेत.

"काका, घण खाली ठेवा!" चौघांतला एक ओरडला.

मामांनी दात थुंकला, हूक ऐरणीवर ठेवला आणि एकच घाव घातला. हुकाचे दोन तुकडे झाले. एक सणसणत अध्यक्षांच्या फेट्यातून गेला. तुटलेल्या जागी पोलाद साखरेसारखं चमकत होतं.

अध्यक्षांनी फाटलेला फेटा उतरवला.

"दुसऱ्याला किती वेळ?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीन घंटे. राखेसकट."

ते डब्यावर बसून राहिले, बिनफेट्याचे. मी एका डोळ्यानं घण मारला.

ट्रॉली पूल चढली, उतरली. रात्री मुलगी घसा बसवून घरी आली. म्हणाली, "अध्यक्ष माइकवर सांगत होते, हूक त्यांनी स्वतः पाणी देऊन घडवला."

मामा जेवायला बसले होते. त्यांना चावता येत नव्हतं. ते भाकरीला पाणी देत होते.