वीकेंडची आवणी

वीकेंड या शब्दावर माझा राग नव्हता. आमच्या घरी मासिकं कमी आणि पत्रकं जास्त यायची. वडील मोर्चाला वाटून उरलेली घेऊन येत आणि मी ती वाचून काढी. आठवड्याची सुट्टी मालकांनी खुशीनं दिलेली नाही, कामगारांनी भांडून घेतली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळे चाकणला कंत्राटावर लागलेला चुलतभाऊ "वीकेंडला येतो" म्हणू लागला तेव्हा मला बरंच वाटलं. खरं तर त्याला सुट्टी एकट्या रविवारची. पण रविवार म्हटलं की कमी वाटत असावं.

डोकं फिरलं ते हा शब्द खाचरात उतरला तेव्हा.

आमचं गाव भीमाशंकरच्या रस्त्यावर आहे. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आम्ही सावडीनं करतो. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, नुसती फेड. पाळी रोपावर ठरते. ज्याचं रोप तयार आणि खाचरात पाणी उभं, त्याच्याकडं आधी जायचं. यंदा चाकणला कामाला गेलेल्या गावच्या पोरांनी मोबाईलच्या ग्रुपवर ठरवून टाकलं की सावड फक्त वीकेंडला. चिखल करायचा टिलरही त्यांच्याकडंच, म्हणजे बाकीचे दिवस गावानं हात बांधून बसायचं.

"रोपाला कळवलं का?" मी भावाला विचारलं.

"ताई, तू भाषण नको देऊ. सुट्टी न्हाई मिळत, तर काय नोकरी सोडू?"

"कंपनीशी भांडा ना सुट्टीसाठी. रोपाशी काय भांडताय?"

"भांडणारा दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर असतो. तुझ्या पत्रकात ते छापत न्हाईत."



पाळ्या लावताना त्यानं स्वतःच्या घराची पाळी शेवटी टाकली. म्हणे, आपणच ठरवायचं आणि आपलंच पहिलं घ्यायचं, बरं दिसत नाही. हा चांगुलपणा चुलतीच्या रोपाच्या मुळावर आला. तिचं रोप सगळ्यांच्या आधी तयार होतं.

"रोप जून व्हायला लागलं रं," ती फोनवर लेकाला म्हणाली. "गाठ धरली की फुटवा न्हाई फुटायचा."

"आई, शेवटच्या वीकेंडला आपलंच हाय. सगळे येत्यात."

सगळे निघालेही. पण त्या रविवारी सकाळी टिलर पलीकडच्या वाडीतून आणायचा होता आणि रस्त्यावर गाड्यांची रांग खालच्या वळणापर्यंत लागली होती. पुण्याची माणसं धबधबा आणि देव एकाच फेरीत उरकायला आली होती. टिलर घेऊन पोरं मधोमध अडकली. बांधावर आम्ही बाया कमरेला पदर खोचून नुसत्या उभ्या. एका गाडीची काच खाली झाली.

"काकू, किती शांत आहे हो इथं," आतली बाई म्हणाली. तिच्या मागं हॉर्न वाजत होते.

"ऱ्हावा मग इथंच," चुलती म्हणाली. "लई शांत हाय. कामच चालंना."

टिलर आला तेव्हा दुपार कलली होती. खालची खाचरं उरकली. वरच्या मोठ्या खाचरात चिखल होईपर्यंत अंधारून आलं. पोरांना कंपनीत पहाटेची शिफ्ट होती, ती गेली. टिलरही गेला. सोमवारी चुलतीनं घरोघर हाक मारली, पण रविवारच्या हजेरीनं ज्या घरांची फेड चुकती झाली होती ती आपापल्या नाचणीला लागली होती. मी, आई आणि चुलती वरच्या खाचरात उतरलो. जमेल तेवढं लावलं. उरलेल्या रोपाची कांडी बोटाला टणक लागायला लागली तशी चुलती बांधावर जाऊन बसली आणि पुन्हा उतरली नाही.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "ऱ्हायलेलं या वीकेंडला लावू, आई."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात गेली.

"ती रोप म्हशीपुढं टाकतेय," मी सांगितलं.

त्याच्या मागं यंत्राचा आवाज येत होता.

"सगळं?" त्यानं विचारलं.

"उरलेलं सगळं."