क्लचवर पाय कोणाचा

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी; आमच्या घरात देवनागरी वाचणारी मी एकटीच. पोथी वाचता यावी म्हणून वडिलांनी मला लहानपणी शिकवली. नवऱ्याला कोणी शिकवली नाही. ते मराठी बोलतात आणि तमिळ वाचतात, त्यामुळे पुढचं सगळं मी निर्धास्त लिहिते आहे.

आमची जीप जुनी, चारही चाकांनी ओढणारी. तंजावुरात रस्त्यावर तिचा काही उपयोग नाही, पण कावेरीच्या कालव्यांकाठच्या चिकट मातीत बाकीच्या गाड्या रुतून बसतात तिथून ती आरामात बाहेर येते. शाळेतली गणिताची नोकरी संपल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, मी ती चालवायला शिकले. शिकवलं नवऱ्यानं. रोज भांडण व्हायचं, पण शिकले.

पापनाशमच्या पुढे माझ्या माहेरच्या भातशेतीचा एक तुकडा माझ्या वाट्याला आला आहे. दर शुक्रवारी मी एकटी जीप घेऊन तिथे जायची. बांधावर उभी राहून पाणी किती चढलंय ते बघायचं, कोणी ऐकत नसलं तरी चार सूचना द्यायच्या, दोन नारळ घ्यायचे आणि परत यायचं. कुठे चाललीस, कधी येणार, कोण सोबत आहे, यातलं काही कोणी न विचारता आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी जात होते. त्या शुक्रवारची मी सोमवारपासून वाट बघायची.

मग एकदा शेतातून बांधावर चढताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय, आवाज वाढतोय, आणि जीप आपली रमतगमत चाललीय. वर करपल्याचा वास. कशीबशी घरी आणली आणि झालेलं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. हीच माझी चूक.

"क्लच जाळलीस कीं!" नवरा म्हणाला. "क्लचवरला पाय काढ, पाय काढ म्हणून मी सांगितलों नव्हें? अय्यो, किती वेळां सांगितलों!"

किल्ली त्यांच्या खिशात गेली. पुढे नवी क्लच प्लेट टाकली तरी किल्ली तिथेच राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. मी दीड महिना बसनं शेतावर गेले आणि बस जिथे सोडते तिथून दोन मैल पायपीट केली. एरवी मी पडतं घेणारी बाई नाही, पण या वेळी तोंड उघडलं नाही, कारण मलाही वाटत होतं की पाय माझाच असणार. नवशिकी मी, ते चाळीस वर्षं चालवतायत. त्या दीड महिन्यात जीप फक्त तेच चालवत होते आणि क्लच आणखी घसरत होती, ही गोष्ट गणिताच्या बाईच्या डोक्यात काही शिरली नाही.

शेवटी जीप सपाट रस्त्यावरही कुरकुरायला लागली तेव्हा आम्ही दोघं ती मेकॅनिककडे घेऊन गेलो. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. क्लच धड असती तर इंजिननं तिथेच मान टाकायला हवी होती. ते मजेत चालत राहिलं. मग त्यानं पेडल बोटानं दाबून पाहिलं, किती मोकळं जातं ते मोजलं. ठीक होतं. खाली सरपटत जाऊन तेल गळतंय का पाहिलं. कोरडं होतं.

"अम्मा नव्या आहेत," नवऱ्यानं त्याला तमिळमध्ये समजावलं. "त्यांनीच जाळली."

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. असल्या गाडीत क्लचपर्यंत पोचायचं म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे सोडवून अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला बोलावलं. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. पण तो प्लेटबद्दल बोललाच नाही. त्यानं एक बेअरिंग माझ्या हातात दिलं. पेडल दाबलं की क्लचला भिडतं ते. फिरवलं तर खरखरत होतं.

"पाय पेडलवर असेल तेव्हाच हे राबतं," तो म्हणाला. "याला सुट्टीच मिळालेली नाही. कोणाचा तरी पाय सतत पेडलवर असतो."

नवऱ्यानं मान हलवत माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

नवी प्लेट, नवं बेअरिंग बसलं. मेकॅनिक म्हणाला, दोघांनीही चालवून दाखवा. आधी मी. तो शेजारी बसला आणि रस्त्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत राहिला. पाय खाली, पाय वर, पाय बाजूला. पुलापर्यंत जाऊन आले. मग नवरा बसला आणि मी मागे.

आमचे हे गाडीत गातात. नेहमीच गातात, आणि चांगलं गातात. गाताना मांडीवर हातानं ताल धरायची त्यांची सवय. पण दोन्ही हात स्टीअरिंगवर, मग ताल जाणार कुठे? मी मागून वाकून पाहिलं. डावा पाय पेडलवर होता. टप्, टप्, टप्, टप्. आठ मात्रा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

मेकॅनिकनं दोन आवर्तनं होऊ दिली. मग म्हणाला, "रायरे," (आमच्या रावांना इथे असंच म्हणतात) "ताल एकदाही चुकला नाही तुमचा. क्लचनं तरी किती वेळ साथ द्यायची?"

गाणं थांबलं. मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी संतापही आला. त्यांचा आलाच, पण जास्त माझा स्वतःचा आला. तीस वर्षं पोरांना म्हणत आले, सिद्ध करून दाखवा. आणि माझ्यावर ठपका आला तेव्हा पुरावा मागायचंही सुचलं नाही.

नवऱ्यानं जीप कडेला घेतली. पुटपुटले, "चुकलों मी."

"मराठीत नको," मी म्हटलं. "ह्यांच्यासमोर मला दोषी ठरवलंत ते तमिळमध्ये. आता हेही तमिळमध्ये सांगा."

त्यांनी एकदा मेकॅनिककडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग मोठ्यानं म्हणाले, "तप्पु एन्नोडदु." चूक माझी. आणि किल्ली काढून मागे माझ्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी मी निघाले तर हे चपला घालून दारात उभे. मीही येऊं का, म्हणाले.

पुढच्या खेपेला, मी म्हटलं. आज एकटी जाते.