साडूंची लोकर

अख्ख्या दक्षिण गोलार्धात मुलीच्या नेटबॉलच्या मॅचला बसून स्वेटर विणणारा मराठी मेकॅनिकल इंजिनीअर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी ओळख नसलेल्या माणसालाही सांगतो. इतरांचे साडू बार्बेक्यूपाशी उभे राहून देशाचं राजकारण सोडवतात, माझे साडू टाके मोजतात. मोजताना त्यांच्याशी बोललं की ते एक बोट वर करतात, आणि ओळ संपेपर्यंत ते खाली येत नाही. पहिल्या भेटीत मी त्या बोटाकडे बघत शेकहँडसाठी हात पुढे करून चांगला पाच मिनिटं उभा होतो.

हे वेड त्यांना इथल्या क्लेटन उपनगरात लागलं. शिकायला आले तेव्हा ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, त्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी थंडीने कुडकुडणाऱ्या या पुणेकराला स्वेटर न देता सुया आणि लोकर दिली. मफलर पुरा होईपर्यंत उन्हाळा आला, पण साडू जे सुटले ते सुटलेच. आज ग्लेन वेव्हर्लीच्या त्यांच्या घरात किटलीला टोपी आहे, रिमोटला गवसणी आहे आणि जून लागला की पत्रांच्या पेटीलाही मफलर चढतो. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या खाली हात चालूच असतात, मध्येच ते "अ‍ॅग्रीड!" म्हणाले की ओळ संपली असं समजायचं. ट्रेनमध्ये शेजारच्या एका धिप्पाड गड्याने "व्हॉट आर यू मेकिंग, मेट?" असं सहज विचारलं, तो बिचारा सिटीला उतरेपर्यंत उलट टाका शिकला होता.

लोकर दिसली की घरी आणायची आणि तिचं काय करायचं ते नंतर ठरवायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडीचं चाक कधी लागलं नाही. गारा पडल्या तेव्हा गाडी बाहेर मार खात होती आणि साडू आत लोकरीच्या खोक्यांवर ताडपत्री घालत होते. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. माझ्या नावाच्या खोक्यावर गेली आठ वर्षं लिहिलेलं होतं, 'स्वेटर, विचार चालू'.

यंदा मात्र त्यांची मुलगी सई होबार्टला युनिव्हर्सिटीत शिकायला निघाली आणि तिच्या खोलीतलं सामान ठेवायला गॅरेज हवं झालं. माझ्या मेहुणीने निर्वाणीचं सांगितलं, "एक तर ही लोकर राहील, नाही तर मी. आणि मी कुठेही जाणार नाहीये."

एका शनिवारी सकाळी घरासमोरच्या हिरवळीवर टेबल लागलं, 'फ्री' अशी पाटी लागली आणि खोकी वाहायला मला बोलावणं आलं. पण फुकट असलं तरी लोकर अशी तशी मिळत नव्हती. साडू प्रत्येकाची मुलाखत घेत होते. "काय विणणार? कितीच्या सुया वापरता?" मांजरीला खेळायला एक गुंडा हवा म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी अतिशय दुःखाने रिकाम्या हाताने परत पाठवलं. शेजारच्या पंजाबी आजींनी मात्र धागा नुसता अंगठ्याखाली फिरवून पाहिला, तर साडूंनी त्यांना चार खोकी दिली आणि स्वतः घरपोच केली. "पुत्तर, तेरे हाथ में बरकत है," आजी म्हणाल्या. मला माझं खोकं मिळालं. "विचार झाला," साडू म्हणाले. "तूच विण."

दुपारपर्यंत सगळं गेलं. एक पिशवी मात्र ते सारखी पायाने टेबलाखाली सरकवत होते. तिच्यात काय आहे हे मला ठाऊक होतं.

सई प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात गेली तेव्हा साडूंनी तिच्यासाठी हळदीच्या रंगाचा एक स्वेटर विणायला घेतला होता. त्यांचं बालपण थोरल्या भावाच्या मापाच्या, वाढत्या अंगाच्या शर्टांत गेलं. आपल्या लेकीला सगळं अगदी मापात बसायला हवं, हा त्यांचा हट्ट. म्हणून ते मिलिमीटरमध्ये मापं घेत. पण दुसरी बाही होईतो पहिली आखूड पडायची. मग सगळं उसवायचं आणि नव्या मापाने पुन्हा विणायचं. बारा वर्षं तीच लोकर, तोच स्वेटर, आणि तो सईच्या अंगाला एकदाही लागला नाही. हायस्कूलात गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, प्लीज, माझ्या मॅचला निटिंग नको ना." साडू "नो वरीज" म्हणाले आणि पुढच्या मॅचपासून कोर्टाकडे तोंड करून लावलेल्या गाडीत बसून विणू लागले. तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं होतं.

सई बाहेर आली आणि तिने ती पिशवी ओढून काढली. "हे पण फ्री आहे?"

"माप परत चुकलंय गं. देऊन टाकू कुणाला तरी," साडू तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिने अर्धवट स्वेटर छातीशी धरून पाहिला. "बाबा, आय हॅव स्टॉप्ड ग्रोइंग. दोन वर्षं झाली. जस्ट फिनिश इट."

साडूंनी नेहमीसारखं एक बोट वर केलं. हातात सुया नव्हत्या, मोजायला ओळ नव्हती, तरी ते बोट बराच वेळ वरच राहिलं.

फेब्रुवारीतल्या भर उकाड्यात एअरपोर्टवर सई तो हळदी स्वेटर घालून उभी होती. घाम पुसत होती, पण स्वेटर काढत नव्हती, आणि मैत्रिणींना म्हणत होती, "माय डॅड मेड इट." मी साडूंकडे पाहिलं. त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला स्वतःच्या नोकरीचाही कधी वाटलेला नाही. फक्त बाह्या लांब होत्या, बोटांपर्यंत येत होत्या, तिने दोनदा दुमडून घेतल्या.

परतताना गाडीत साडूंचे हात मांडीवर नुसते पडले होते. ते तसे मी कधी पाहिले नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अहो, इंजिनीअरचं माप शेवटी चुकलंच की. बाह्या केवढ्या लांब झाल्यात!"

"चुकलं नाही," साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वाढत्या अंगाचा केलाय."