घोडीच्या डब्यातली न्हाणी

२००६ साल होतं आणि मला एकसष्टावं लागलं होतं. शाळा मी तिसरीपर्यंतच पाहिली, त्यामुळे लिहिताना काना-मात्रा इकडेतिकडे होईल. पण घोडी, डबा आणि बायको या तिघांबद्दल मला कोणाला विचारून लिहायची गरज नाही.

आमचं गाव उंद्रीच्या पुढे. रान कोरडवाहू, त्यात कपाशी. पण आजूबाजूची गावं मला ओळखत ती घोडीवाला म्हणून. नवरदेव माझ्या पांढऱ्या घोडीवरून मारुतीला जायचा. लगाम मी धरायचो, सजवायची मात्र बायको. आयाळीच्या बारीक बारीक वेण्या, प्रत्येक वेणीला लाल गोंडा. वेण्या घालताना ती घोडीशी बोलत बसायची. माझ्याशी जन्मात बोलली नाही एवढं ती घोडीशी बोलली असेल.

लांबच्या वरातीला चालत नेलं तर घोडी दमायची, म्हणून मी नांदुऱ्याच्या एका मिस्त्रीकडून तिच्यासाठी डबा करवून घेतला होता. दोन चाकांचा, वरून पत्रा, ट्रॅक्टरला नाहीतर जीपला मागे जोडायचा. घोडीला चढायला मागे लांब फळी, तिच्यावर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या. आत दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीवर लोखंडी दांडे, आणि मूत वाहून जावं म्हणून तळाला भोकं. एवढी सोय माझ्या घरात माणसांसाठी नव्हती.

मग कपाशीचं बीटी बियाणं आलं. पहिली दोन वर्षं बोंडं पाहून लोक येडे झाले. पुढे पाऊस आखडला, पानं लाल पडली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर अवकळा आली. वेगळं लग्न करायची कोणाची ऐपत राहिली नाही. सगळे सामूहिक विवाहात पोरी उजवायला लागले. एका मांडवात कितीतरी नवरदेव आणि सगळ्यांत मिळून एक घोडी. एक बसला, चार पावलं गेला, उतरला, की दुसरा. घोडीला कळेना की आपण वरातीत आहोत का घाण्याला. माझ्याकडं कडबा राहिला नाही, तेव्हा उन्हाळ्यात एका बँडवाल्यानं तिला विकत नेलं. बायको शिवेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून चालत गेली. परत आली आणि चुलीला लागली. डबा तेवढा कडुनिंबाखाली उभा राहिला.

दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचताना बायकोच्या अंगावरून वारं गेलं. पोटाशी बांधलेली ओटी अर्धी भरली होती, ती तशीच घेऊन ती काकरीत बसली. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. डॉक्टर म्हणाला, रोज गरम पाण्यानं शेका, आंघोळ घाला, आणि धरून धरून उभं करा. उठतील.

सांगायला सोपं. आमची न्हाणी म्हणजे घरामागं उंच ओट्यावर दोन फरश्या आणि बाजूला तट्ट्या. तिथं एक माणूस कसाबसा बसतो. मी आणि सुनेनं एकदा नेऊन पाहिलं, तर तिघंही पडलो. तेव्हापासून सून खाटेवरच ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसायची. जी बाई आंघोळ केल्याशिवाय कधी चुलीपुढं गेली नाही, तिला हे हात गेल्यापेक्षा जड गेलं. ती भिंतीकडं तोंड करून पडू लागली.

त्याच दिवसांत पोरगा म्हणाला, "बाबा, तो डबा भंगारात देऊन टाकू. घोडी नाही तं काय कामाचा?"

मी डब्याकडं पाहिलं. फळी होती, पट्ट्या होत्या, धरायला दांडे होते, पाणी जायला भोकं होती. मी म्हणालो, "त्याले हात नको लावू."

डब्यात न्हाणी करून दे म्हणून मिस्त्रीला निरोप धाडला. तो नांदुऱ्याहून बसनं आला, पिशवीत हत्यारं घेऊन. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा.

"घोडी तो गई," तो म्हणाला. "आता कोनाले न्हाऊ घालता भाऊ?"

"तुह्या भाभीले."

तो हसला नाही. डब्याच्या टपावर त्यानं पत्र्याची टाकी बसवली. तिच्यातून रबरी नळी आत आणली, तोटी लावली, आणि टोकाला झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड. आमचा तांब्याचा बंब बाहेर जमिनीवर ठेवायचा, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घालून पेटवायचा आणि कढत पाणी बादलीनं टाकीत ओतून त्यात गार मिसळायचं. बंबासाठी त्यानं डब्याला पुढून कडी केली, म्हणजे डबा जाईल तिथं न्हाणी जाईल. जाताना तो परत आत चढला आणि जिथं तिचा हात येणार तेवढ्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून गेला. "थंडीमे लोहा काटता है," म्हणाला.

पारावरच्या पोरांना विषय मिळाला. एक म्हणाला, "काय बुढेबाबा, बुढीले कोन्या वरातीले काढली?"

"तुह्या," मी म्हणालो. "नवरी भेटली का बे तुले?"

त्या वर्षांत कास्तकाराच्या पोराला कोणी पोरगी देत नव्हतं. पोरं एकेक करून पारावरून उठली.

खरी अडचण घरात होती.

"मी काय घोडी हाव?" बायको म्हणाली. बोलणं जड झालं होतं, पण टोमणा नीट यायचा.

"घोडी एवढे नखरे नव्हती करत."

"लोक पाहतीन."

पोराला हाताशी घेऊन मी तिला खाटेसकट अंगणात आणली. डब्याला मी तिचीच जुनी हिरवी लुगडी आडवी बांधली होती. तिनं ती ओळखली. मग डावा हात पुढं केला.

मी आणि सुनेनं तिला फळीवरून वर घेतलं, आत स्टुलावर बसवलं. तोटी मी सोडली. डोक्यावरून पडणारं पाणी तिनं जन्मभर पावसाचंच पाहिलेलं, ते गरमही असतं हे तिला नवीन. ती वाकड्या तोंडानं हसली. म्हणाली, "थोडं अजून येऊ द्या." पुढं मी लुगड्याच्या बाहेर शिडीवर उभा राहून टाकीत पाणी ओतत राहिलो.

मग रोजचंच झालं. सकाळी बंब, मग फळी, मग पाणी. माघ लागता लागता तिची उजवी बोटं त्या ट्यूबवर वळायला लागली. त्याच सुमारास तिच्या भावाच्या पोरीचं लग्न ठरलं, वैशाखात, हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावात, सामूहिकच. बँड आमची घोडी नेणाऱ्याचाच ठरला होता.

"म्हंजे आपली घोडी येईन?" तिनं विचारलं.

"येईन ना."

"मंग वेण्या मी घालीन. उभी राहून."

त्या दिवसापासून तिनं स्टूल लाथेनं सरकवलं. रोज दांडा धरून उभी राहायची, पाय थरथरायचे, ओठ आवळायची. मी म्हणायचो बस, तर म्हणायची, पाणी गरम हाये तोवर राहू द्या. ती डॉक्टरच्या सांगण्यानं उभी राहत नव्हती, नातवंडांसाठीही नाही. घोडीच्या मानेला हात पोचावा एवढ्यासाठी ती उभी राहत होती.

लग्नाला आम्ही डबा ट्रॅक्टरला जोडून नेला. घोडी उभी राहायची त्या जागी ती बसली होती. मांडवामागच्या बाभळीखाली मी बंब पेटवला. पाहुण्या बाया पाहायला गोळा झाल्या, एकीनं विचारलंसुद्धा, "मावशे, मंग माहा नंबर लावू का?" आंघोळ करून, नवं लुगडं नेसून बायको दांडा धरत फळीवरून उतरली. शेवटची दोन पावलं तिनं कोणाला हात लावू दिला नाही.

घोडी आली. अंगावर आरशांची झूल, डोळ्यांवर झालर, डोक्यावर तुरा.

"आली पाह्य आपली," मी म्हणालो. बारा वर्षं तिचा लगाम धरलेला माणूस मी.

बायकोनं आयाळीखाली डावा हात घातला. आमच्या घोडीला तिथं, डाव्या अंगाला, केसांचा भोवरा होता. हात वर गेला, खाली आला, परत वर गेला.

"भोवरा नाही," ती म्हणाली.

"नीट पाह्य."

"नीटच पाह्यलं. हे आपली नोय."

बँडवाला जवळच होता. मी विचारल्यावर म्हणाला, "ते तं दिवाळीतच इकून देली भाऊ. तिकडं खाली खानदेशात. मले वाटलं तुमाले माहीत असन." त्याचा आवाज खोटा नव्हता, आणि त्यानं आपल्याला सांगावं असं आम्ही त्याला कधी म्हटलंही नव्हतं.

मला वाटलं ती तिथंच बसेल. ती बसली नाही. म्हणाली, "गोंडे आणा. नवरदेवायचं काय चुकलं."

त्या परक्या घोडीच्या वेण्या आम्ही दोघांनी घातल्या. डावा हात तिचा, उजवा माझा. माझ्या जाड बोटांत केस राहीनात, तर ती नुसतं, "दाबून धरा, दाबून," म्हणत होती. घोडीशी एक शब्द बोलली नाही. मग एकामागून एक नवरदेव बसले आणि उतरले.

संध्याकाळी घरी आलो. डब्यातून उतरवताना तिनं दांडा धरला नाही. उजवा हात लोंबत होता. खाटेवर टेकल्यावर म्हणाली, "उद्यापासून पानी नका तापवू."

"काऊन?"

"नका तापवू म्हनलं ना."

त्यानंतर ती कधी त्या फळीवर चढली नाही. मृग लागायच्या आधी गेली.

पण त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बंब पेटवला. पाणी टाकीत भरलं, गार मिसळलं, हातानं पाहिलं. घरात जाऊन तिला हाक मारली, तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. मी परत आलो, धोतरासकट फळीवरून वर गेलो, ट्यूब गुंडाळलेल्या जागी दांडा धरला आणि तोटी सोडली. टाकी रिकामी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.