डाव्या बाजूने आलेलं वाक्य

“तिला कोळशाचं कसं कळलं?”

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर दोघं जण सिगारेट ओढत उभे होते. मी आत सिंकपाशी पाण्याचा जग भरत होते. नळ बारीक सोडला होता, म्हणून सगळं ऐकू आलं.

“वकिलाने पढवलं असेल.”

“वकिलाला माहीत असतं, तर तो असा बसला असता? ती मास्तरीण त्याची बहीण आहे.”

जग भरून वाहायला लागला तरी मी तशीच उभी... कारण ज्या मुलीबद्दल पहिला प्रश्न होता ती मुलगी मी. आणि कोळशाचं मला कसं कळलं, हे मलाही माहीत नव्हतं.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मावशी मोठ्याने वाचते, आणि मी दर वेळी काहीतरी काम काढून उठते. आमचं घर नागपूरचं, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांचं. भूतखेत, अंगात येणं, नवस, कौल — आजोबांनी हे सगळं एकदाच उंबऱ्याबाहेर ठेवलं ते परत आत आलं नाही. मीही आत घेतलेलं नाही. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते घडलं.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी मॅसॅच्युसेट्समध्ये मास्टर्स करत होते आणि श्रूजबरीला मावशी-काकांकडे राहत होते. ज्युनिअर कॉलेजात आमच्याकडची निम्मी मुलं मार्कांसाठी फ्रेंच घेतात, तसं मीही घेतलं होतं. बाकीच्यांचं सुटलं, माझं सुटलं नाही. त्याच जोरावर मला दुभाषाचं पार्टटाइम काम मिळालं. माझ्यासारख्या मुलीला याहून सोयीचं काम नाही. स्वतःचं काही बोलायचं नाही, दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं आणि पुढे द्यायचं. मी शाळेत हजेरीलासुद्धा हात वर करून भागवायचे.

आमच्या एका प्रोफेसरांनी त्या हिवाळ्यात कॉलेजच्या तळ्याकाठच्या गेस्टहाउसमध्ये एक बैठक ठेवली. आफ्रिकेतल्या एका देशाचं सरकार आणि तिथले बंडखोर. देशाचं नाव लिहीत नाही, तसं वचन दिलं होतं. या काही खऱ्या वाटाघाटी नव्हत्या. वाटाघाटी करायच्या की नाही, याबद्दलच्या वाटाघाटी होत्या. वर्तमानपत्रात एक ओळही नाही. सरकारकडून एक वयस्कर वकील आणि त्यांचा सहकारी. बंडखोरांकडून एक कमांडर, तिशीचा, अतिशय शांत, आणि त्याचा सोबती. मधे प्रोफेसर. ते एकटेच असे की ज्यांना फ्रेंच येत नव्हतं.

म्हणजे गंमत बघा. दोन्ही बाजू फ्रेंच बोलणाऱ्या. दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द कळायचा. पण एकमेकांशी थेट बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते अध्यक्षांना, म्हणजे प्रोफेसरांना उद्देशून, हा नियम दोघांनीही येण्याआधी कबूल करून घेतला होता. थेट बोललं तर समोरच्याला मान्यता दिल्यासारखं होतं म्हणे. जेवतानाही तेच. वकीलसाहेबांना मीठ हवं असलं की ते प्रोफेसरांना फ्रेंचमध्ये सांगायचे, मी इंग्लिश करायचे, प्रोफेसर इंग्लिशमध्ये कमांडरला विनंती करायचे, आणि मी ती फ्रेंच करेपर्यंत कमांडरने मीठ केव्हाच पुढे सरकवलेलं असायचं. बघायचं मात्र खिडकीकडे.

माझ्याबरोबर मार्गरीट नावाची सीनिअर दुभाषी होती, क्यूबेकची, साठीच्या आसपासची. आम्ही आळीपाळीने बोलायचो. तिने पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले. “भर घालायची नाही, गाळायचं नाही, सुधारायचं नाही. आणि खोलीबाहेर जे कानावर पडेल ते खोलीत आणायचं नाही. एकदा आणलंस, तर तुझ्यासमोर कुणी साधं ‘गुड मॉर्निंग’ पण म्हणणार नाही.”

त्या दुपारी पाळी माझी होती. प्रोफेसरांनी कमांडरला विचारलं, उत्तरेकडच्या गावातून जी साधी माणसं उचलून नेली, त्यांचं काय? मी फ्रेंच केलं. कमांडर म्हणाला,

“हा विषय आज ठरलेला नाही.”

एवढंच. आणि मी इंग्लिशमध्ये म्हणाले, “हा विषय आज ठरलेला नाही. मास्तरीण जिवंत आहेत. खडू संपलेत, त्या कोळशाने लिहितात. मुलांचे हात काळे होतात आणि मुलं ते एकमेकांच्या पाठीला पुसतात.”

माझाच आवाज, नेहमीसारखाच हळू. वाक्य संपलं आणि मी पुढच्याची वाट बघत बसले. काही चुकलंय हे मला कळलंच नव्हतं!

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण नंतर मी यावर फार विचार केला. मला काही दिसलं नाही. अंगावर काटा नाही, गारठा नाही, खोलीत कसलाही बदल नाही. मी ते वाक्य ऐकलं होतं. रोज ऐकते तसंच, फ्रेंचमध्ये. फरक एकच — कमांडर माझ्या उजवीकडे बसला होता, आणि हे आलं डावीकडून. डावीकडे खिडकी होती. बाहेर बर्फ आणि गोठलेलं तळं. तो आवाज बाईचा होता का, असं मावशीने मला हजारदा विचारलंय. काम करताना आम्ही आवाज ऐकत नाही, अर्थ ऐकतो... त्यामुळे खरंच सांगता येत नाही.

कमांडरला इंग्लिश थोडंफार कळायचं. त्याची मान सावकाश माझ्याकडे वळली. वकीलसाहेबांना तर उत्तम कळायचं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर पालथा ठेवला, आणि सगळे नियम विसरून इंग्लिशमध्येच म्हणाले,

“कोण मास्तरीण?”

प्रोफेसर बिचारे खूश! त्यांना वाटलं कमांडरने मोठी माहिती दिली, कोंडी फुटली. तेवढ्यात मार्गरीटने पुढे वाकून त्यांना सांगितलं, “तो असं काहीच बोललेला नाही.” प्रोफेसरांचा चेहरा उतरला. त्यांनी कॉफीची सुट्टी जाहीर केली. मी जग उचलला आणि आत पळाले. त्या सिंकपाशी काय ऐकलं, ते वर लिहिलंच आहे. बाहेरचे दोघं म्हणजे कमांडर आणि त्याचा सोबती; कोळशाचं खरं होतं, म्हणजे मास्तरीण जिवंत होत्या.

आता काय झालं होतं ते सरळ सांगते. कमांडरला वाटत होतं, मी सरकारची पेरलेली आहे आणि त्यांचा तळ सरकारला सापडलाय. वकीलसाहेबांना वाटत होतं, कमांडरने गुपचूप माझ्याजवळ निरोप दिलाय आणि आता तो हात वर करतोय. त्यांच्या धाकट्या बहिणीची गेले कित्येक महिने काहीच खबर नव्हती. आणि मला, फक्त मला, दोन्हीकडचं माहीत होतं — की मला कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तरी ते खरं आहे.

प्रोफेसरांनी मला घरी पाठवलं. म्हणाले, “उद्या सकाळी ते दोघंही तुला विचारणार आहेत. कमांडरने गाडी सांगून ठेवलीय. तुझ्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, तर ते सरळ एअरपोर्टला जातील.” ते चिडले नव्हते. त्यापेक्षा चिडले असते तर बरं होतं.

घरी मी बुटांची लेससुद्धा न सोडता पायरीवर बसले. मावशी बाहेर आली.

“काहून रडतेस?”

“रडत नाहीये.”

“मग नाक काय थंडीने वाहतंय? चल, आत चल.”

देशाचं, माणसांचं नाव न घेता मी जेवताना सांगितलं. काका इंजिनिअर. त्यांनी शांतपणे ऐकलं, पोळीचा तुकडा भाजीत फिरवत म्हणाले, “हे बघ बेटा, ब्रेन आहे तो. सारखं या भाषेतून त्या भाषेत. ओव्हरलोड झाला.”

“ओव्हरलोड झाल्यावर दिवे जातात,” मावशी म्हणाली. “शेजारच्या घरचे लागत नाहीत.”

“तू आता तिला घाबरवू नकोस, प्लीज.”

“मी कुठे घाबरवतेय? मी विचारतेय. अंगात-बिंगात म्हणाले का मी? माझ्या बापाने काय शिकवलं ते मला पाठ आहे. पण त्याने विचारू नको असं नाही शिकवलं.”

माझी मावसबहीण सुजाता, चौथीतली, इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “ताई, कॅन यू हिअर व्हॉट्स ऑन माय मॅथ टेस्ट?” आणि मला इतकं हसू आलं की काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

झोपायच्या आधी काकांनी मात्र एकच विचारलं. “उद्या खोटं बोलायचा विचार नाही ना?”

“खरं काय ते तरी कुठे माहितीये, काका?”

“जेवढं माहितीये तेवढं सांग. उरलेलं तुझं काम नाही.”

स्पष्टीकरणांचा विषय इथेच संपवते, कारण तो अजून संपलेला नाही. कुठे वाचलं असेन? त्या गावाची बातमी मी लायब्ररीत नंतर शोधली. दोन ओळी होत्या, त्यात मास्तरीणच नव्हत्या. कुणाच्या गप्पा आधी ऐकल्या असतील? त्या दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या चौघांपैकी कुणी बाहेर बोलत उभे राहिलेच नव्हते. मार्गरीटला मी विचारलं, थकव्याने असं होतं का? ती म्हणाली, “थकल्यावर वाक्यं गळतात. वाढत नाहीत. आणि वाढली तरी खरी होत नाहीत.” तेव्हापासून आजपर्यंत मी दुभाषाचं पुष्कळ काम केलं, कान डावीकडे लावून. एकदाही नाही. पुन्हा कधीच नाही.

त्या मास्तरीणबाई पुढे, पकडलेल्यांच्या पहिल्या सुटकेत, घरी आल्या. ते मला प्रोफेसरांनी फोनवर सांगितलं. मी धीर करून विचारलं, त्यांनी कधी... म्हणजे त्या वेळी त्या काय करत होत्या, काही म्हणाल्या का? प्रोफेसर म्हणाले, विचारायचं माझ्याही मनात होतं, पण वकीलसाहेब म्हणाले, तिला शिकवण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, ती तेव्हाही शिकवतच असणार. इतकंच. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. काका अजून ब्रेन म्हणतात. मावशी सदर वाचून झालं की माझ्याकडे बघते.

राहिली ती सकाळ.

रात्रभर बर्फ पडला होता. काकांनी ऑफिसला उशीर करून मला सोडलं. गेस्टहाउसच्या दाराशी एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, मागच्या सीटवर बॅगा. आत सगळे आधीच बसलेले. प्रोफेसरांनी मला माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसू दिलं नाही. टेबलाच्या टोकाला, सगळ्यांसमोर बसवलं.

“कुणी तुला काही सांगितलं होतं का?”

“नाही.”

“कागद? फोन? काहीही?”

“नाही.”

“मग?” हे कमांडरने विचारलं. प्रोफेसरांकडे बघून, पण मला.

“मला ऐकू आलं,” मी म्हणाले. “कुठून ते माहीत नाही.”

कमांडरच्या सोबत्याने कोटाची बटणं लावायला घेतली. कमांडर हलला नाही. तो माझ्याकडे चिडून बघत नव्हता... मी कशी बनलेय ते समजून घ्यायचं असावं, तसं बघत होता.

वकीलसाहेब उठले. वय झालेला माणूस टेबलाला धरून उठतो तसे. त्यांनी माझ्याशी फ्रेंचमध्ये, अगदी सावकाश बोलायला सुरुवात केली, जसं काही मी नुकतीच ती भाषा शिकतेय.

“मुली, तुला कुठून कळलं ते मला नकोच आहे. देवाकडून कळू दे, सैतानाकडून कळू दे. मला एवढंच सांग, ती खरंच जिवंत आहे का?”

मला माहीत होतं. मागच्या दाराबाहेर त्या दोघांच्या तोंडून मी ऐकलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर कमांडरला कळलं असतं की मी चोरून ऐकते, आणि तो त्या गाडीत बसला असता. मग तिला सोडवायला कोण कुणाशी बोलणार होतं? आणि ‘माहीत नाही’ म्हणायचं, तर ते त्या चेहऱ्याकडे बघून म्हणायचं. मार्गरीट खाली बघत होती. प्रोफेसरांना एक शब्द कळत नव्हता, ते भाषांतराची वाट बघत माझ्याकडेच बघत होते. पण यात भाषांतर करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी मला माझं उत्तर मागत होतं.

मी उभी राहिले. मी फ्रेंचमध्ये म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने की माझी मीच दचकले —

“मला विचारू नका. ज्यांना माहीत आहे ते तुमच्या समोर बसलेत. त्यांच्याकडे बघा, आणि त्यांना विचारा.”