सुनंदाच्या दवाखान्यातले शनिवार

पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. शिपाई दारात उभा राहून मला हातानेच बाहेर बोलावत होता. फोनवर सुनंदाचा भाऊ होता. “शुभाताई, आमची ताई गेली... पेशंट तपासता तपासताच.” मी वर्गात परतले आणि पेपर संपेपर्यंत बाकांमधून फेऱ्या मारत राहिले. महिना उलटून गेला, त्या फेऱ्या अजून थांबलेल्या नाहीत.

सुनंदा आणि मी वालावलच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती डॉक्टर झाली आणि गावातच दवाखाना काढून बसली; मी इथल्याच हायस्कुलात शिक्षिका झाले. कोरोनात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना आमच्या शाळेत ठेवलं होतं, तेव्हा त्यांना तपासायला ती रोज जायची. तिच्या वाडीतल्या लोकांनी वाटेवर बांबू आडवे बांधले. वाद न घालता ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायला गेली. माझी तन्वी तेव्हा नववीत होती. ती सुनंदाचा डबा दवाखान्याच्या दगडी गडग्यावर ठेवून लांब उभी राहायची. एकदा तिने विचारलं, “मावशी, तुला भीती नाही वाटत?”

“वाटता गो. खूप वाटता,” सुनंदा म्हणाली आणि डबा उचलून आत गेली.

त्या दिवशी घरी येऊन तन्वीने जाहीर केलं, मी डॉक्टर होणार.

ती एकटी नव्हती. शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात वर. रुग्णवाहिका, पांढरे पोशाख, टीव्हीवरच्या टाळ्या... सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं. मला भरून आलं. मी सुनंदाचा सत्कार ठेवला. शाल घालायला वाडीतली तीच माणसं पुढे झाली. शाल खुर्चीवर ठेवून ती मुलांकडे वळली. “ज्यांनी माझी वाट अडवली, त्यांनीच आज शाल घातली. माझा राग नाही, ती माणसं घाबरली होती. पण शालीसाठी डॉक्टर व्हायचं असेल तर होऊ नका. शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन बसा, मग ठरवा.”

पहिल्या शनिवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांना कोरोना बघायचा होता आणि समोर गळू, खोकला, खरूज. पोरं गळत गेली. एका म्हातारीच्या पायाची साखरेने चिघळलेली जखम सुनंदाने उघडली, तेव्हा तन्वी धावत बाहेर गेली आणि माडाखाली ओकली. सुनंदाने तिला पाणी दिलं, पाठ चोळली. “बरां झालां. आता भितर चल, आजयेचो पाय धरूचो आसा.” तन्वी आत गेली. त्यानंतर तिचा शनिवार कधी चुकला नाही.

बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तन्वी पहिल्यांदा मागे पडली. सुनंदाचे हाल बघून मला धास्ती होतीच; मी म्हटलं, पुरे आता, बी.एस्सी. कर. सुनंदा माझ्यावर उखडली. “तां तिका ठरवंदे. तुका नको आसा, म्हणून तिका थांबवू नको.” आम्ही काही दिवस बोललो नाही. पुढच्या वर्षी तन्वीला प्रवेश मिळाला. पेढ्यांचा पहिला पुडा तिने दवाखान्यात नेला, घरी नंतर.

सुनंदा गेल्याचं कळताच तन्वी हॉस्टेलवरून आली. ती रडली नाही, चिडली. कंपाउंडरकडून तिला कळलं, की मावशीच्या छातीत आठवडाभर दुखत होतं आणि ती पित्ताच्या गोळ्या घेऊन पेशंट बघत होती. “हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर ती त्याला ओरडली असती! आई, मला असं व्हायचं नाहीये. मी सोडतेय सगळं.” किती वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर ते नको वाटलं. बाराव्यानंतर तिने बॅग भरली. जाताना एवढंच म्हणाली, “परीक्षा देऊन येते. पुढचं पुढे.” रोज फोन करते, मी छाती तपासून घेतली का विचारते. घेतली, म्हटल्यावर रिपोर्टचा फोटो मागते. कॉलेजबद्दल ती सांगत नाही आणि विचारायचा मला धीर होत नाही.

परवा दवाखान्यावरून जात होते. कुलूप लागलंय, पण पडवीतल्या बाकड्यावर माणसं बसलेली होती. कुडाळची एसटी येईपर्यंत तिथेच टेकतात म्हणे. इतक्या वर्षांची सवय. मीही टेकले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ओळखलं.

“बाईनू, तुमचां चेडू कधी येतलां?”

ते तन्वीच्या सुट्टीबद्दल विचारत नव्हते; डॉक्टर होऊन ती हे कुलूप कधी उघडणार, हे विचारत होते. बाकड्यावरचे सगळेच माझ्याकडे बघू लागले. ‘येतलां’ असं तोंडातून निघेना, आणि ‘नाय’ म्हणवेना... एसटी आली, तसे ते काठी टेकत उठले. मी मात्र तिथेच बसून राहिले, कुलपाकडे पाठ करून.