खडूने काढलेला पाठमोरा माणूस

माझा स्वभाव संशयी आहे. फ्रिजमधलं श्रीखंड कुणी उघडलं याचाही मी छडा लावते. इथे आखातात, जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, नवरा अर्दियाच्या गोडाउनमध्ये सुपरवायझर. आमच्या ड्यूट्या अशा की घरात आम्ही एकमेकांना बसलेले किंवा झोपलेलेच दिसतो.

लेकीने अकरावीत आर्ट घेतलं आणि भिंतीवर रेनेसाँच्या काळातल्या एका इटालियन चित्राची प्रिंट लावली. लाल खडूने काढलेला पाठमोरा माणूस, कमरेला जड कापड, मानेच्या वर कागदच संपलेला. कापडाच्या चुण्यांवरून आतलं अंग कळलं पाहिजे, असं ती मला समजावायची. मग एक दिवस तिच्या गादीखाली तिनेच काढलेला कागद सापडला. तसाच लाल खडू, तसाच उघड्या पाठीचा पुरुष, डोकं नाही. कमरेला मात्र आमची चादर, काठावरच्या वेलबुट्टीसकट.

म्हणजे मी ड्यूटीवर असताना कुणीतरी घरी येत होतं.

“कोण आहे हा?”

“नोबडी, आई. इट्स जस्ट अ स्टडी.”

“नोबडी आपली चादर गुंडाळून उभा राहिला?”

स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, शाळेचं काम आहे.” एरवी तिच्या फोनवर मुलाचा आवाज आला की हा टीव्ही बंद करून कान देतो. कुठेतरी पाणी मुरत होतं. बापलेक सामील आहेत याचाच मला जास्त राग आला.

मी कागद खिडकीशी नेला. पण ही पाठ कोवळ्या मुलाची नव्हती. कमरेवर वळ्या होत्या. सगळा भार उजव्या पायावर. तिथे चादर मांडीवर ताणून बसली होती. डावीकडे ती सरळ खाली पडली होती, आत मांडीच नसल्यासारखी. अशा वाळलेल्या मांड्या मी क्लिनिकमध्ये रोज बघते.

स्वयंपाकघरात नवरा चहा गाळत होता. डावा पाय नुसता टेकवलेला.

“कधीपासून?” मी विचारलं.

त्याने गाळणं खाली ठेवलं. “दिवाळीपासून. कामावर कळलं तर नोकरी जाईल, इकामाही; मग इथे राहताच येणार नाही.”

“बाबा मेड मी प्रॉमिस,” लेक दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी त्याच्यापुढे खाली बसले. “मला तरी सांगायचंस. माझं कामच हे आहे ना?”

“म्हणूनच नाही सांगितलं. घरी तरी तू मला पेशंटसारखं बघू नयेस असं वाटलं.”

मला रडू फुटलं. आणि रडतानाही माझी बोटं त्याच्या दोन्ही मांड्या चाचपून फरक बघत होती.